हातावर पोट

पालेर्मोच्या बंदरामागे, जिथं पूर्वी मिठाचं गोदाम होतं,
तिथं आता पांढऱ्या भिंती आहेत आणि महागडं मौन.
मधोमध चौथरा. चौथऱ्यावर एक हात,
मनगटापासून तोडल्यासारखा. रक्त नाही,
कापल्या जागी बदामाचा ओलसर रवा.

हात क्रोचिफिस्सा लो वेर्सोचा.
चाळीस वर्षं ननांच्या मठामागच्या भटारखान्यात
तिनं बदाम कुटले, पाक घोटला,
खोटी नासपती रंगवली, खोटी अंजिरं उकलली,
इतकी खरी की माश्या फसायच्या.
पगार मात्र असा की
फसायला माशीही येऊ नये.

गुडघे गेले तेव्हा तिनं उजवा हात साच्यात घातला.
नखातलं पीठसुद्धा उतरलं.
करंगळीवरचा भाजल्याचा डाग दालचिनीनं भरला.
हातावर पोट असलेल्या बाईनं
पोटासाठी हातच मांडला.

मी दालनाचा हिशेबनीस.
कलेतलं मला कळत नाही,
कोण किती वेळ गप्प उभं राहतं
त्यावरून पुढची शून्यं कळतात.

अट एकच, वकिलानं तीन पानं करून लिहिलेली:
घेणाऱ्यानं इथंच, चारचौघांत, खायचं.
मग हाताचाच अंगठा (तो आधी मोडून बाजूला ठेवलेला)
माकुळाच्या शाईत बुडवून पावतीवर उठवायचा.
तेवढाच पुरावा, की काहीतरी होतं.

करंगळी आठशेला गेली. दाताचे डॉक्टर इन्फांतीनो
चावता चावता थांबले, म्हणाले, मावशीचं लग्न,
आणि चष्मा काढून भिंतीकडे वळले.
ठसा.
मिलानच्या बाईंनी अनामिका सहा हजारांना घेतली,
फोटो होईपर्यंत गालात धरली
आणि रुमालात थुंकली.
रुमाल त्याच रात्री नऊला विकला गेला.
त्याचा विमा आहे. करंगळीचा नव्हता.

मग उरलेली बोटं भाव खायला लागली.
राउटेनबेर्ग नावाचे गृहस्थ, हॅम्बुर्गहून आलेले,
दोन बोटं आणि तळवा मिळून दोन लाख चाळीस हजार म्हणाले,
पण खाणार नाही. उणे अठरा अंशांत ठेवीन.
खाल्लं तर माझ्याकडे राहील काय?
वकील म्हणाला, नाही खाल्लं तर ठसा नाही.
ठसा नाही तर ही मिठाई.
ओत्ताव्यो, आमचे मालक, घाम पुसत म्हणाले, चाटलं तर चालेल का?

हे सगळं चाललं असताना
ती चौथऱ्याच्या कडेला टेकून उभी.
सकाळपासून तिला कुणी खुर्ची विचारली नव्हती,
पाणीही नाही.
तिनं अंगठा उचलला, शाईनं काळा झालेला.
आधी राउटेनबेर्गना दाखवला,
मग वकिलाला, मग ओत्ताव्योला,
आणि तोंडात टाकला.

काळे दात. काळी जीभ.
म्हणाली, मासळीचा वास लागलाय,
लिंबाची साल हवी होती.

मग तळवा मोडला.
खोकी उतरवणाऱ्या दोन पोरांना,
दारावरच्या रोझालबाला, तिच्या झोपलेल्या लेकीसाठी कागदात बांधून.
मधलं बोट कुणी मागेना, ते तिनं स्वतःला ठेवलं.
तर्जनी माझ्या हातावर ठेवली,
जशी दुकानात उरलेली सुटी नाणी ठेवतात.

गोड होती. मग एक कडू बदाम.

रात्री वही उघडली.
जमेत बसेना, खर्चात बसेना, नुकसान म्हणवेना.
कोरं पान घेतलं, वर लिहिलं: खाते,
आणि त्यापुढं तिचं नाव.
क्रियापद आहे की रकाना,
लेखापरीक्षक ठरवतील.
आकड्याच्या जागी माझ्या बोटाचा
तेलकट डाग पडला, तो तसाच ठेवला.

सकाळी ओत्ताव्योनं ते पान पाहिलं.
खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं,
बराच वेळ गप्प उभा राहिला
आणि म्हणाला,
याचे किती सांगू या?